डोक्याला लागलं की पोरगं बाहेर

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आमच्या तालुक्यात नुकतेच शालेय कबड्डीचे सामने झाले. त्यात कॉर्नरच्या (टोकाला उभ्या) एका पोराने चढाईला आलेल्या रेडरचा घोटा धरायला सूर मारला आणि रेडरचा गुडघा थेट त्याच्या कानशिलावर बसला. पोरगं उठलं, पण जाऊन उभं राहिलं समोरच्या टीमच्या बाजूला. लोक हसले. सरांनी पाणी मारलं, स्प्रे मारला (डोक्याला कसला स्प्रे मारतात देव जाणे), "काय नाय झालं, चल" म्हणाले आणि तो परत आत.

माझं म्हणणं एवढंच की हा निर्णय सरांवर सोडू नका, ज्यांना मॅच काढायचीय त्यांनाच काय विचारायचं! "चक्कर येतेय का" असं पोराला विचारूनही उपयोग नाही, ते नाहीच म्हणणार. त्यापेक्षा विचारा, आत्ता कुठल्या मैदानावर आहोत, कितवा हाफ चालूय, शेवटचा पॉइंट कोणी घेतला, मागची मॅच कोणाशी झाली. असेच प्रश्न बाहेरच्या देशांत मैदानाच्या कडेला विचारतात. एकातही गडबडला तर बाहेर. पण सगळी उत्तरं बरोबर आली म्हणून लगेच आत पाठवायचं असंही नाही, कारण बेशुद्ध न पडताही मेंदूला मार बसतो आणि त्रास कधीकधी दुसऱ्या दिवशी सुरू होतो. २०१९ ला लॉर्ड्सवर क्रिकेट कसोटीत ऑस्ट्रेलियाच्या स्टीव्ह स्मिथला इंग्लंडच्या आर्चरचा बाउन्सर मानेवर बसला, तपासणीत पास झाला, परत येऊन ९२ वर आउट झाला आणि दुसऱ्या दिवशी त्रास व्हायला लागला म्हणून मॅचमधून बाहेर. तिथे तर डॉक्टर हजर होते, आपल्याकडे पाण्याची बाटली.

अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यात २००६ मध्ये झॅकरी लिस्टेड हा १३ वर्षांचा मुलगा डोकं आपटल्यावर त्याच अमेरिकन फुटबॉलच्या सामन्यात परत खेळला, मेंदूत रक्तस्राव होऊन कायमचं अपंगत्व आलं. २००९ मध्ये तिथे कायदाच झाला, नुसती शंका आली तरी खेळाडू बाहेर आणि लेखी वैद्यकीय परवानगीशिवाय परत खेळायचं नाही.

कबड्डीत राखीव पोरं बाकावर बसलेलीच असतात, मग अडचण काय? जिल्हा क्रीडा कार्यालयाने हे प्रश्न एका कागदावर छापून स्कोअरच्या टेबलावर ठेवावेत आणि पोराला बाहेर काढायचा अधिकार पंचांना द्यावा. आणि घरी फोन करायचाच. उलट्या, वाढत जाणारी डोकेदुखी, एकाचे दोन दिसणं, असलं काही झालं तर तडक दवाखाना गाठा हे आईवडिलांना कोणीतरी सांगायला हवं, पोरगं ओरडा बसेल म्हणून स्वतःहून सांगत नाही.

आपला,
एक कबड्डीप्रेमी पालक