अर्धांगवायूच्या रुग्णांना तालुक्यातच फिजिओथेरपी मिळावी

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

‘अर्धांगवायूत मेलेल्या मेंदूच्या पेशी पुन्हा तयार होतात’ असे सांगून महागडी औषधे रुग्णांच्या गळ्यात मारली जाताना सांगली-मिरज परिसरात मी गेल्या वर्षभरात अनेकदा पाहिले. माझ्या धाकट्या भावाचा उजवा हात लुळा पडला तेव्हा आमच्या घरीही असाच सल्ला आला होता. मी विज्ञानाचा निवृत्त शिक्षक आहे. म्हणून स्पष्ट लिहितो की, या वाक्यात थोडे तथ्य आहे आणि तेवढ्याच आधारावर फसवणूक चालते.

प्रौढ मेंदूत नवी चेतापेशी जन्मत नाही, हा समज फार काळ टिकला. संशोधक जोसेफ ऑल्टमन यांना १९६० च्या दशकात उंदरांमध्ये त्याविरुद्ध पुरावे मिळाले, तर १९९८ मध्ये एरिक्सन, गेज आणि सहकाऱ्यांनी माणसाच्या मेंदूतील हिप्पोकॅम्पस या स्मरणाशी निगडित भागात नव्या पेशी दाखवल्या. (त्यांवर २०१८ मध्ये परस्परविरोधी निष्कर्ष प्रसिद्ध झाल्याने वाद अजून मिटलेला नाही.) अर्धांगवायूच्या झटक्यानंतर काय घडते, हे स्वीडनमधील संशोधकांनी २००२ मध्ये उंदरांमध्ये पाहिले. मेंदूतील द्रवाने भरलेल्या पोकळीच्या कडेला जन्मलेल्या पेशी इजा झालेल्या भागाकडे सरकत गेल्या, हे खरोखर विलक्षण आहे. परंतु त्यांतील ८० टक्क्यांहून अधिक पेशी काही आठवड्यांतच मेल्या आणि नष्ट झालेल्या पेशींपैकी जेमतेम ०.२ टक्के भरून निघाल्या. माणसाच्या मेंदूच्या बाह्यकात, म्हणजे बाहेरच्या थरात तर, २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, पेशींचे वय सांगणाऱ्या कार्बन-१४ च्या मोजमापानुसार, झटक्यानंतर नव्या चेतापेशी तयार झाल्याचा पुरावा मिळाला नाही.

मग हात पुन्हा कसा उचलला जातो? वाचलेल्या पेशी नवे फाटे फोडतात, शेजारच्या पेशींशी नव्याने जुळतात आणि मेलेल्या पेशींचे काम हळूहळू अंगावर घेतात. हे जोडकाम हालचालीच्या असंख्य आवृत्त्यांनी पक्के होते आणि त्याचा वेग पहिल्या तीन महिन्यांत सर्वाधिक असतो. भावाला फिजिओथेरपिस्टने चांगला हात कापडाने बांधून ठेवायला लावून दुबळ्या हाताने एका वाटीतील हळकुंडे दुसऱ्या वाटीत टाकायला सांगितले. सुरुवातीला एक हळकुंडही उचलत नव्हते आणि तो चिडून वाटी ढकलून देई. भावजय पुन्हा गोळा करून समोर ठेवी. पाच महिन्यांनी त्याने स्वतःच्या हाताने भाकरी मोडली, तेव्हा घरातल्या कोणालाच बोलता आले नाही.

आम्ही मिरजेजवळ राहतो म्हणून हे शक्य झाले. जत किंवा आटपाडीसारख्या दूरच्या तालुक्यातील एखाद्या वाडीवरच्या रुग्णाला, ज्याला उठून बसवायलाच दोन माणसे लागतात, गाडी करून रोज मिरजेला कोण आणणार? मेंदूतील रक्ताची गुठळी विरघळवणारे इंजेक्शन झटक्यापासून साडेचार तासांच्या आत देता यावे, यासाठी जशी धावपळ होते, तशीच निकड पुढच्या तीन महिन्यांचीही मानली गेली पाहिजे. आरोग्य विभागाने जिल्ह्यातील प्रत्येक ग्रामीण व उपजिल्हा रुग्णालयात आठवड्यातून निदान तीन दिवस फिजिओथेरपिस्ट उपलब्ध करावा, आणि रुग्णाला घरी सोडताना कोणता व्यायाम दिवसातून किती वेळा करायचा, हे नातेवाइकांना करून दाखवून मराठीत लिहून द्यावे.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, सांगली