सूचना: सायडिंगवरची सुतारपक्ष्यांची टकटक
न्यू जर्सीतील सर्व सभासदांना नमस्कार. वसंत आला की सीडरच्या सायडिंगवर, म्हणजे घराच्या बाहेरच्या लाकडी फळ्यांवर, टकटक सुरू होते. कृपया सुतारपक्ष्यांना मारू नका, अंडी-पिल्लं असलेलं घरटं काढू नका. १९१८च्या स्थलांतरित पक्षी कायद्याने त्यांना संरक्षण आहे.

आधी भोकं जवळून बघा. पत्र्याच्या पन्हळीवर नुसताच ताशा वाजत असेल, तर पक्षी हद्द सांगतोय, जोडीदाराला बोलावतोय. हंगाम सरला की थांबेल. बारीक भोकांची ओळ असेल तर लाकडात किडे असण्याची शक्यता, त्यांचा बंदोबस्त आधी. मोठं गोल भोक आत कोणी नाही याची खात्री करूनच बुजवा.

प्लास्टिकच्या घुबडावर पैसे घालवू नका, पक्षी त्याला सरावतात. वाऱ्यावर हलणाऱ्या चमकदार पट्ट्या लावा, किंवा भिंतीपासून ३ इंच सोडून वळचणीवरून जाळी ताणा.