वितळलेले जिवाणू आणि अडकलेला हप्ता : विज्ञान मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
माननीय केंद्रीय विज्ञान व तंत्रज्ञान मंत्री,
भारत सरकार, नवी दिल्ली

महोदय,

सविनय नमस्कार. मी पुण्यात काम करणारी सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ आहे. जिवाणूंना मारणारे विषाणू, म्हणजे बॅक्टेरियोफेज, आणि त्या जिवाणूंचे जीनोम, म्हणजे त्यांची संपूर्ण जनुकीय माहिती, हा माझा विषय.

मागच्या जोडून आलेल्या सुट्ट्यांमध्ये आमच्या प्रयोगशाळेतला उणे ८० अंशांचा डीप फ्रीझर बंद पडला. दार उघडलं तेव्हा रॅकच्या तळाशी पाणी साचलं होतं आणि बऱ्याच व्हायलची, म्हणजे नमुन्यांच्या छोट्या कुप्यांची, लेबलं भिजून गळाली होती. फ्रीझरची एएमसी (वार्षिक देखभालीचा करार) मार्चमध्ये संपली होती. प्रकल्पाच्या सरकारी अनुदानाचा दुसरा हप्ता न आल्यामुळे ती पुन्हा करता आली नाही. हा हप्ता 'लवकरच वर्ग होईल' असं मला लेखी कळवलं होतं, त्यालाही वर्ष होत आलं. दुसरी प्रत वेगळी ठेवता यावी म्हणून आणखी एक फ्रीझर मूळ प्रस्तावातच मागितला होता. तो अनावश्यक ठरवून कापला गेला.

त्या व्हायलमध्ये काय होतं, हे आपल्याला कळायला हवं. कुठलंच अँटिबायोटिक लागू पडेना अशा रुग्णांकडून मिळालेले क्लेब्सिएला आणि अ‍ॅसिनेटोबॅक्टर हे जिवाणू होते. त्यांना मारणारे फेज औषध म्हणून वापरता यावेत यासाठी आम्ही ते नाल्यांतून आणि मुठेच्या पाण्यातून शोधले. फेज फार निवडक असतो. बहुतेकदा तो एका जातीच्या मोजक्याच वाणांना मारतो आणि त्यांच्यावरच वाढतो. फेज चार अंशांवर वेगळे ठेवलेले होते, म्हणून ते वाचले. पण ज्यांच्यावर ते वाढवायचे, ते जिवाणू बरेचसे मेले. जे वाढले त्यांतला कोणता कुठल्या रुग्णाचा, हे लेबलांशिवाय सांगायचं तर जीनोम वाचावा लागेल. त्या सीक्वेन्सिंगचे पैसे त्याच अडकलेल्या हप्त्यात आहेत.

काही जण म्हणतील, पुन्हा नमुने गोळा करा. कुणाकडून? त्यांतले कित्येक रुग्ण आज हयात नाहीत.

जीनोम वाचणं ही चैन आहे, असं एका बैठकीत मला ऐकवलं गेलं. ती चैन का नाही, ते सांगते. पटकीचं (कॉलराचं) विष १९५९ मध्ये कोलकात्यात शंभुनाथ डे यांनी दाखवून दिलं. त्या विषाचं जनुक मुळात एका फेजने जिवाणूत आणलेलं असतं, हे १९९६ मध्ये अमेरिकेतल्या वॉल्डर आणि मेकालानोस यांनी सिद्ध केलं. म्हणजे फेज मारतो तसा निरुपद्रवी जिवाणूला विषारीही करू शकतो. एखादा फेज रुग्णाच्या शरीरात सोडण्याआधी त्याच्यात विषाचं जनुक नाही ना, तो जिवाणूच्या जीनोममध्ये घुसून निपचित बसणारा नाही ना, हे अक्षर न् अक्षर तपासावंच लागतं. ही चैन असेल तर रक्त देण्याआधी रक्तगट तपासणं हीही चैनच म्हणायची.

आणि डे यांचं आपण काय केलं? जगाने दखल घेतली, पण हयातीत त्यांच्या वाट्याला देशाकडून फार काही आलं नाही. ते १९८५ मध्ये गेले. ही जुनी खोड आहे. गंगा-यमुनेच्या पाण्यात पटकीचे जिवाणू मरतात आणि पाणी उकळलं की तो गुण जातो, हे ब्रिटिश जिवाणूशास्त्रज्ञ हॅन्किन यांनी १८९६ मध्ये आग्र्याहून लिहिलं. तो फेजचाच गुण असावा, असं नंतर मानलं गेलं. फेजचा शोध जाहीर करणारे देरेल स्वतः १९२७ मध्ये भारतात आले आणि पंजाबात पटकीच्या रुग्णांवर त्यांनी फेज वापरून पाहिले. एवढा वारसा असताना आज आपल्या देशातला रुग्ण फेजच्या उपचारासाठी जॉर्जियातल्या तिब्लिसीला जातो. ज्याला विमानाचं तिकीट परवडत नाही, त्याने काय करायचं?

एक उदाहरण सांगते. २०१० मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या एका विद्यार्थिनीने कुजलेल्या वांग्यावरून एक फेज वेगळा केला. तो पिट्सबर्गमध्ये ग्रॅहम हॅटफुल यांच्या संग्रहात वर्षानुवर्षं जपला गेला. लंडनमधल्या एका किशोरवयीन मुलीला फुप्फुस प्रत्यारोपणानंतर असाध्य संसर्ग झाला, तेव्हा तिच्या जिवाणूवर त्या संग्रहातले तीन फेज उपयोगी पडले. वांग्यावरचा त्यांतलाच एक. उरलेल्या दोघांत फेजला निपचित ठेवणारं जनुक होतं, ते काढून टाकलं. मुलीची प्रकृती सुधारली, २०१९ मध्ये शोधनिबंध आला. फ्रीझर चालू होता आणि जीनोम वाचलेले होते, म्हणून हे जमलं.

आपल्याकडे? जुलै २०२२ मध्ये संशोधन संस्थांच्या उपकरणांवरची पाच टक्के जीएसटीची सवलत काढून अठरा टक्के लावला. जुलै २०२४ च्या अर्थसंकल्पात प्रयोगशाळेतल्या रसायनांवर दीडशे टक्के आयात शुल्क लावलं आणि ओरड झाल्यावर मागे घेतलं. त्याआधी एखाद्या शास्त्रज्ञाला विचारलं होतं का? संशोधनासाठी पाच वर्षांत पन्नास हजार कोटींची घोषणा झाली, त्यातला मोठा वाटा खासगी उद्योगांनी द्यायचा आहे. सांडपाण्यातून फेज शोधायला कुठला उद्योगपती पैसे देणार आहे, सांगा! संशोधनावरचा आपला खर्च जीडीपीच्या ०.६४ टक्के, चीनचा अडीच टक्क्यांच्या आसपास. शिवाय हप्ता फेब्रुवारीत सोडायचा, ३१ मार्चला उरलेले पैसे परत घ्यायचे आणि वर विचारायचं, खर्च का झाला नाही?

अँटिबायोटिकला न जुमानणाऱ्या जिवाणूंनी २०१९ या एका वर्षात जगात सुमारे १२ लाख ७० हजार बळी घेतले. भारत त्यात मागे नाही. मला डॉक्टरांचे फोन येतात, "मॅडम, तुमच्याकडे फेज आहे असं कळलं, पेशंट व्हेंटिलेटरवर आहे." प्रत्येक वेळी नाही म्हणावं लागतं, कारण शुद्ध केलेला, जीनोम वाचलेला, परवानगी असलेला फेज माझ्याकडे नाही. नातेवाईकांचा आवाज मागे ऐकू येत असतो. त्या रात्री झोप येत नाही, साहेब. माझ्या दोन विद्यार्थ्यांना कित्येक महिने फेलोशिप मिळालेली नाही. एक शिकवण्या घेतो. दुसरी गावी परत गेली, तिला घरच्यांनी विचारलं की अजून किती वर्षं शिकणार. मी तिला थांब म्हणू शकले नाही.

माझा हप्ता सोडा, थकलेल्या फेलोशिप द्या. पण तेवढ्याने भागणार नाही. फ्रीझर, वीज आणि एएमसी यांचा खर्च प्रकल्पांच्या हप्त्यांपासून वेगळा करा, तो १ एप्रिललाच मिळू द्या. रुग्णांकडून मिळालेल्या जिवाणूंची आणि फेजची दुसरी प्रत ठेवायला सरकारी खर्चाने जागा द्या. मरणाच्या दारात असलेल्या रुग्णाला फेज द्यायचा तर परवानगी किती तासांत मिळेल, हे आरोग्य मंत्रालयाबरोबर बसून ठरवा आणि जाहीर करा.

'आपले पत्र संबंधित विभागाकडे पाठवले आहे' असं उत्तर कृपया पाठवू नका. रक्कम कोणत्या तारखेला वर्ग होणार, तेवढं कळवा.

आपली,
एक सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ, पुणे