गॅरेजवाल्या अण्णांना आभारपत्र

सोलापूर

आदरणीय अण्णा,
सविनय नमस्कार.

गाड्यांच्या परीक्षणाचे व्हिडिओ करू लागून मला सात वर्षे झाली. आज यावरच माझे घर चालते. तरीही ज्यांच्यामुळे हे काम मला जमले, त्या तुमचे आभार चारचौघांत मानायचे राहूनच गेले होते. म्हणून हे पत्र.

सुरुवातीची दोन वर्षे एकही कंपनी मला नव्या गाडीच्या चाचणीला बोलावत नव्हती. तेव्हा तुम्ही मला गॅरेजवर बोलावून घेतलेत आणि मालकांची परवानगी काढून ६०-७० हजार किलोमीटर चाललेल्या गाड्या माझ्यासमोर उघडून दाखवल्यात. कोणाची क्लचप्लेट लवकर जाते, कोणाचे सस्पेन्शनचे बुश (सांध्यांतले रबरी तुकडे) वर्षभरात आवाज करू लागतात, मे महिन्यात सोलापूरचा पारा ४२ अंशांवर गेल्यावर कोणाचा एसी मागच्या सीटपर्यंत पोहोचत नाही, हे मला तिथे कळले. एकदा तुम्ही माझा हात धरून पुढच्या टायरवर आडवा फिरवलात. एका दिशेने रबर गुळगुळीत लागत होते आणि उलट दिशेने त्याच्या कडा करवतीसारख्या बोटांना टोचत होत्या. चाकाचा टो, म्हणजे वरून पाहता चाक आत-बाहेर वळलेले असण्याचा कोन, बिघडला की टायर असाच झिजतो, असे तुम्ही म्हणालात. तेव्हापासून कोणतीही जुनी गाडी पाहताना माझा हात आधी टायरवर जातो.

सर्वांत मोठे ऋण मात्र मायलेजचे आहे. डॅशबोर्डवरचा आकडा पाहून एका हॅचबॅकचे मायलेज मी २२ सांगितले होते आणि माझ्या शब्दावर एका शिक्षकांनी ती गाडी घेतली. त्यांना १७ सुद्धा मिळेना, तेव्हा ते तुमच्याकडे आले. तुम्ही माझी बाजू घेतली नाहीत, दोषही दिला नाहीत. दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला मला पंपावर बोलावलेत. टायरची हवा तपासून, नोझल पहिल्यांदा आपोआप बंद होईपर्यंत टाकी भरून, एसी चालू ठेवून आपण तुळजापूरचा घाट चढून आलो, मग सात रस्त्याच्या गर्दीतून फिरलो आणि त्याच पंपावर, त्याच नोझलने टाकी पुन्हा भरली. १३४ किलोमीटरला ८ लिटर, म्हणजे पावणेसतरा. एका फेरीवर भरवसा ठेवू नये म्हणून पुढच्या दोन रविवारी तुम्ही पुन्हा आलात, गॅरेजची सुट्टी मोडून. कंपनीचा आकडा प्रयोगशाळेत, रोलरवर, ठरलेल्या वेगक्रमाने मोजलेला असतो, हेही त्या शिक्षकांना तुम्हीच शांतपणे समजावलेत. मी त्यांच्या घरी जाऊन क्षमा मागितली आणि दुरुस्तीचा व्हिडिओ केला. त्यानंतर टाकी ते टाकी मोजल्याशिवाय मी मायलेज सांगितलेले नाही.

२०२३ पासून भारत एनकॅप या सरकारी धडक-चाचणीचे तारे मिळू लागल्यामुळे अनेक गाड्यांची धडकेतील सुरक्षितता आता कोणालाही पाहता येते. पण तीन वर्षांनी गाडी किती खर्चात पाडेल, हे सांगणारे अजूनही मिस्त्रीच आहेत, आणि माझ्या परीक्षणांत लोकांना जे उपयोगी वाटते, ते बहुतेक तिथूनच आलेले आहे.

४० हजार किलोमीटर चाललेली एक इलेक्ट्रिक गाडी रविवारी तुम्ही लिफ्टवर घेणार असल्याचे कळले. बॅटरीच्या वजनाने तिचे टायर आणि बुश कसे झिजले आहेत, ते पाहायला सकाळी आठला येतो.

आपला कृतज्ञ,
होटगी रस्त्यावरचा तुमचा विद्यार्थी