बाळूस, पंखा फिरला

चि. बाळू यास अनेक आशीर्वाद.

फोनवर तू "काय? काय?" करतोस आणि मलाही अर्धंच ऐकू येतं. मग तू चिडतोस, मी चिडतो, नि तुझी माय मधातच फोन हिसकून घेते. म्हणून लिहितो. ताई याचा फोटो काढून तुझ्या मोबाइलवर टाकेल. कानाचा विषय काढायचा नाही असं तिनं बजावलं आहे. मीही कबूल केलं आहे. पंख्याचं लिहितो.

पंखा फिरला, भट्टीला वारा घालायचा, हातानं दांडा फिरवायचा तो आजाचा जुना पंखा. तूच त्याला करीच्या दिवशी भंगारात घालायला निघाला होतास. वीस-बावीस दिवस लागले. आधी नुसता रॉकेल-डिझेलात भिजत ठेवला. दांडा जागचा हलत नव्हता, पण जोर लावला नाही. बीड आहे ते, ओतीव. साध्या लोखंडासारखं वाकून दाखवत नाही, फटकन तुटतं. त्या दिवशी तू दांड्याला पाइप अडकवून पिळायला लागलास तेव्हा मी तीनदा म्हटलं, "राहू दे, तुटन." तू वळूनही पाहिलं नाहीस. मला वाटलं, पोट्टं माजलं. म्हणून तसं बोललो. बहिरा म्हणालो. तू ताटावरून उठून गाडीवर बसलास ते सरळ पुलगाव स्टेशनावर. पुरणपोळी तशीच राहिली.

आता ताई सांगते की रात्री तुझ्या डाव्या कानात शिट्टी वाजते, दोन महिन्यांपासून. हे मला तेव्हा माहीत असतं तर. जाऊ दे, पंख्याचं सांगतो.

पंख्याच्या दातेरी चाकांचा डब्बा उघडला तर आत लाखेसारखा थर. विळ्यानं खरवडावा लागला. वीस वर्षांपूर्वी मीच त्यात गाडीच्या आसाचं वंगण कोंबलं होतं. बरं फिरेल असं वाटलं होतं. ते वाळलं आणि सगळी चाकं चिकटून बसली. म्हणजे जाम झाला तो म्हाताऱ्या पंख्याच्या वयामुळे नाही, माझ्या शहाणपणामुळे. त्यात वंगण चालत नाही, पातळ तेल लागतं. खालचं चाक बुडेल एवढंच. बाकीचं ते चाक स्वतःच वर उडवतं. जास्त घातलं की दांडीच्या भोकातून गळतं. तिथे सील नाहीच, बनवणाऱ्यानं ठेवलंच नाही. मी दोन दिवस ते गळणं बंद करायच्या मागे होतो.

पंख्याच्या घरात कुंभारमाशीची मातीची घरटी निघाली, मोजून अकरा. तुझी माय म्हणाली, "एवढ्या वर्सात त्याईनं तरी वापरला." पात्यांचे रिव्हेट शाबूत आहेत. पंख्याच्या दांडीवर आटे आहेत आणि त्यांच्यात गनमेटलचं, काशाच्या जातीच्या धातूचं, चाक अडकतं. त्या चाकाचे दात एका अंगाला झिजले आहेत, पण चालतील. खडूची खूण करून मोजलं, दांडा एक फेरा तर पंखा अठ्ठेचाळीस. आजाच्या कातडी भात्याला ही गोष्ट कधी जमली नसती. तारेच्या ब्रशनं घासल्यावर बिडावरची अक्षरंही उघडी पडली. ताईनं वाचली, चॅम्पियन, लँकेस्टर. अमेरिकेतलं गाव आहे म्हणे. आर्वीच्या कोणत्या कापसाच्या जिनात तो आला, कसा आला, आजाला ठाऊक नव्हतं. जिन मोडलं तेव्हा त्यानं लिलावात घेतला आणि शकुंतलेच्या, म्हणजे आपल्या छोट्या रेल्वेच्या, डब्यात मांडीवर धरून आणला. तिकीट फक्त आपलंच काढलं, हे तो मरेपर्यंत सांगायचा.

आजा घण मारताना कानात सरकी काढलेला कापूस घालायचा. मी हसायचो. तुझ्याएवढा असताना मी काहीच घातलं नाही. माझं कसं गेलं ते तुला कधी सांगितलं नाही. एका वर्षी मला वाटलं की यंदा रातकिडे कमी झाले. पावसाळा चांगला, पऱ्हाटी कमरेएवढी, आणि रात्री सगळं चिडीचूप. तुझ्या मायला म्हटलं, तर ती माझ्याकडे पाहतच राहिली. रातकिडे होतेच. बारीक आवाज आधी जातात, मग माणसाच्या बोलण्यातले 'स' आणि 'श'. माणूस बोलतो ते ऐकू येतं, पण कळत नाही. पाच वर्षांनी सेवाग्रामला दाखवलं, तिथे डॉक्टरीणबाई म्हणाल्या, गेलं ते परत येत नाही, उरलेलं सांभाळा. कापसानं काही होत नाही म्हणे, आवाज त्यातून पार होतो. बघ, कापसाच्या मुलखात राहून कापूसच कामाचा नाही. फोमचे बोळे मिळतात. ते बोटात वळून बारीक करायचे, दुसऱ्या हातानं कान वर ओढायचा, आत सारून अर्धा मिनिट दाबून धरायचे. नुसते कानाच्या तोंडाशी ठेवले तर फायदा नाही. कारखान्यात आठ तासांसाठी ९० डेसिबलची हद्द घालून दिली आहे, त्याही बाईंनीच सांगितलं. तुमच्या कंपनीतला मशीनचा हातोडा त्याच्या कितीतरी वर जात असणार. मी सेकंड शिफ्टच्या वेळी तुला फोन केला होता, मागचा आवाज ऐकून मीच फोन लांब धरला. मी! कंपनी बोळे देते की नाही? देत असेल तर घालतोस की बाकीचे हसतात म्हणून खिशात ठेवतोस?

बघ, कबूल केलं होतं आणि काढलंच. लेक्चर झालं. माफ कर. तुझा पगार, तुझं काम, मला त्यातलं काय कळतं. गावात मी सगळ्यांना सांगतो की माझा पोरगा टनाटनाचा हातोडा चालवतो, मशीन त्याच्या बोटावर नाचते. परवा विळे शेवटायला, म्हणजे तापवून धार काढून घ्यायला, आलेल्या लोकांनाही सांगितलं. पण त्यातल्या एकानं विचारलं, "मंग कानाचं काय?" आणि मी कोळसा ढोसायला वळलो.

तू आणलेला विजेचा पंखाही वापरतो, खोटं बोलणार नाही. लाइन असली की तो बरा, एक माणूस वाचतो. पण त्याला थांबायचं कळत नाही. सोयाबीनच्या सीझनला एक विळा तापवताना मी गिऱ्हाइकाशी बोलत राहिलो, तर टोकातून पांढऱ्या ठिणग्या उडायला लागल्या, पोलाद जळून गेलं. हातच्या पंख्याला हात थांबला की हवा थांबते. आणि लाइन गेली की तुझा पंखा म्हणजे नुसता डब्बा, हे तू इथे असतास तर तुलाही दिसलं असतं. असो.

भांडणाबद्दल तुझ्या मायनं मला आठवडाभर ज्वारीच्या भाकरीबरोबर नुसती चटणी वाढली. तुला वाटेल मलाच त्याचं काही नाही.

दिवाळीला येताना पंख्याच्या बेअरिंगला पाव इंची छर्रे बारा घेऊन ये, सायकलचे चालतात. दुकानातून घे, कारखान्यातले आणू नको. मागच्या कपात मी जुनेच घातले आहेत, तीन चपटले आहेत. आणि एक काम तुझ्याच हातचं. दांडा फिरवून सोडला की पंखा छान घरघरत राहतो, पण बंद होता होता आत कुठेतरी टिक, टिक असं होतं. झिजलेला दात असेल, छर्रे असतील. किंवा माझ्याच कानात असेल, मला आता फरक करता येत नाही. तुझी माय म्हणते, तिला काही ऐकू येत नाही. तू डब्ब्याला उजवा कान लावून बघ आणि सांग.

तुझा बाबा