दिवा आधी तुमच्या हातावर

आदरणीय डॉक्टरबाई,

सविनय नमस्कार.

माझ्या साडेतीन वर्षांच्या मुलीच्या पाठीवर ती तान्ही असल्यापासून फिकट, वळणदार पट्टे आहेत; मणक्यापाशी येऊन ते एकदम थांबतात. तुमच्याकडे येण्यापूर्वी तिला तीन ठिकाणी दाखवले होते. एकाने बुरशी समजून मलम दिले, दुसऱ्याने टेबलापलीकडूनच ‘कोड’ असे सांगून टाकले आणि तिसऱ्याने मी गरोदरपणात काय खाल्ले, कोणती औषधे घेतली, हे अशा सुरात विचारले की पुढचे वर्षभर मी त्या नऊ महिन्यांची मनातल्या मनात झडती घेत राहिले.

तुम्ही खोलीतला उजेड मालवून वुड्स लॅम्प, म्हणजे त्वचा तपासण्याचा अतिनील प्रकाशाचा दिवा, लावला, तेव्हा ती मला घट्ट बिलगली. त्यावर तुम्ही तो दिवा आधी स्वतःच्या हातावर धरलात. तुमच्या पांढऱ्या कोटाची बाही निळसर चमकली, ती हसली आणि आपणहून पाठ वळवून उभी राहिली. कोडाचे डाग या प्रकाशात लख्ख पांढरे उजळतात, तसे हे उजळत नव्हते. मग तुम्ही त्या पट्ट्यांवरून बोट फिरवत मला सांगितलेत की या ब्लाश्को रेषा आहेत, 1901 साली एका जर्मन त्वचारोगतज्ज्ञाने त्या नोंदवल्या, आणि गर्भात त्वचेच्या पेशी ज्या वाटांनी पसरतात त्याच वाटा येथे दिसत आहेत. गर्भधारणेनंतर एखाद्या पेशीत आपसूक बदल होतो आणि तिच्यापासून वाढलेल्या पेशी रंग कमी तयार करतात. हे संसर्गाने पसरत नाही, आणि आईच्या खाण्यापिण्याशी त्याचा काडीचाही संबंध नाही. हे शेवटचे वाक्य तुम्ही मी न विचारताच उच्चारलेत.

खोटा दिलासा मात्र तुम्ही दिला नाहीत. काही मुलांमध्ये याबरोबर फिट्स किंवा वाढीतील विलंब आढळतो, म्हणून डोळे, हाडे आणि एकूण विकास यांवर लक्ष ठेवावे लागेल, हेही स्पष्ट सांगितलेत. आधीच्या तिघांचे ज्ञान कमी होते असे मी म्हणणार नाही. परंतु लेकराच्या पाठीला हात लावून पाहण्याइतका वेळ त्यांच्यापैकी एकालाही मिळाला नाही, याचा राग अजून ओसरलेला नाही. माणुसकीला वेगळी पदवी लागत नसावी.

परवा तिने घरातला टॉर्च आधी स्वतःच्या तळहातावर धरला, मग बाहुलीच्या पाठीवर, आणि तिला म्हणाली, “बघ, काही होत नाही.”

आपली कृतज्ञ,
एक आई