मंत्रिमहोदय, पटकथा लिहिणाऱ्या बाईचं नाव कोण खातं?

मा. सांस्कृतिक कार्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य

स.न.वि.वि.

गेल्या शुक्रवारी एक मराठी चित्रपट लागला. पटकथा माझी. पडद्यावर नाव निर्मात्याच्या भाच्याचं. करार मागितला होता, तेव्हा "घरचंच काम, कागद कशाला?" म्हणाले. आता फोन केला, तर "मॅडम, आभारात आहे की तुमचं नाव!" आहे. केटरिंगवाल्यांच्या खाली.

आपण कामात असता, कल्पना आहे. तरी ॲलिस गी या फ्रेंच बाईबद्दल सांगतेच. पॅरिसात लिऑं गोमाँच्या कंपनीत ती सेक्रेटरी होती. 1895 मध्ये ल्युमिएर बंधूंचं हलतं चित्र पाहिलं आणि तिने मालकाला विचारलं, मी एखादी गोष्ट रचून चित्रित करू का? परवानगी मिळाली, पण ऑफिसच्या कामाचा खोळंबा होता कामा नये या अटीवर. कोबीच्या गड्ड्यांतून बाळं काढणारी परी तिने 1896 मध्ये पडद्यावर आणली. 1906 मध्ये ख्रिस्ताचं चरित्र केलं, 25 प्रवेशांचं, तीनेकशे माणसं घेऊन. 1910 मध्ये अमेरिकेत स्वतःची सोलॅक्स कंपनी काढली. हजाराच्या आसपास चित्रपट तिच्या नावावर सांगतात.

आणि पुढे काय झालं? 1922 मध्ये घटस्फोट घेऊन दोन मुलांसह ती फ्रान्सला परतली, तर कुणी काम देईना. गोमाँ कंपनीच्या इतिहासात तिचं काम नाही. ख्रिस्तपट पुस्तकांत तिच्या मदतनिसाच्या, जासेच्या नावावर. दुरुस्ती करा म्हणून तिने पत्रं लिहिली, स्वतःच्या फिल्मा शोधत अमेरिकेत फिरली. 1968 मध्ये, 94 व्या वर्षी गेली. आत्मचरित्र छापून आलं 1976 मध्ये! 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये सेन नदीकाठी तिचा सोनेरी पुतळा उभा राहिला. हयातीत तिने पुतळा मागितला नव्हता हो, नाव मागितलं होतं.

दादासाहेब फाळके गिरगावात ज्या ख्रिस्तपटाने झपाटले गेले, तो याच बाईचा, असं काही अभ्यासक मानतात. इतरांचं मत वेगळं आहे. पण आपल्या सिनेमाच्या मुळाशी कुणाचं काम आहे, यावर वाद घालावा लागतो, ही कुणाची करणी?

नाव गेलं की पुढचं काम जातं. मानधनाचा राहिलेला हप्ता मागायची सोय उरत नाही. रात्र-रात्र जागून, आईच्या दवाखान्यातल्या पलंगाशेजारी बसून मी संवाद लिहिले, ते आता भाचा मुलाखतींत म्हणून दाखवतो. दाद कुठे मागायची? "आपसात मिटवा" हे ऐकून कान किटले. निर्माता, वितरक, पुरस्कारवाले, सगळे एका पंगतीला. त्यात लेखकाला पानच नाही.

शासन मराठी चित्रपटांना अनुदान देतं, ते जनतेच्या पैशातून. त्या अर्जाला लेखकाचा सहीचा करार जोडायची सक्ती करा. श्रेयनामावलीवर लेखकाची लेखी संमती नसेल, तर एक रुपया सोडू नका. यासाठी समिती नको, अभ्यासगट नको. आदेश काढा आणि तारीख जाहीर करा.

आपली,
एक पटकथाकार, पुणे